खिशातल्या चाकूत कोणती अवजारे असावीत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूर शहरातून आणि आसपासच्या तालुक्यांतून खिशातल्या घडीच्या चाकूविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते येथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांत यंत्रमागावरचे जॉबर (मागांची देखभाल-दुरुस्ती करणारे) आहेत, सांगोला-पंढरपूर भागातले डाळिंब बागायतदार आहेत, रोज एसटीने ये-जा करणारे नोकरदार आहेत आणि केवळ हौस म्हणून चाकू घेणारेही आहेत. एकाच प्रश्नाचे उत्तर दोन ठिकाणी येऊ नये म्हणून जेथे विषय जोडलेले आहेत तेथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रोज खिशात ठेवायच्या चाकूत कमीत कमी कोणती अवजारे असावीत?

एक चांगले साधे पाते, एक छोटी कात्री आणि स्क्रू फिरवता येईल असे एक चपटे टोक, एवढ्यावर शहरात राहणाऱ्या बहुतेकांचे काम भागते. त्यापुढचे प्रत्येक अवजार आपापल्या कामावर ठरते. ते ठरवण्याची आमच्या मते एकच खात्रीची रीत आहे: चाकू घेण्याआधी महिनाभर आपल्या हातांकडे लक्ष ठेवावे. मसाल्याची पुडी दाताने फोडली, पार्सलचा खोका गाडीच्या किल्लीने उघडला, टॉर्चचे झाकण नाण्याने फिरवले, बोटात गेलेली कुसळ नखाने काढण्याचा प्रयत्न केला, असे जे जे घडेल ते कॅलेंडरवर टिपून ठेवावे. महिन्याअखेरीस जी यादी तयार होईल, तीच आपल्या चाकूची यादी. तीत जे एकदाही आले नाही ते अवजार दुकानात कितीही आकर्षक वाटले तरी पुढे केवळ वजन म्हणून खिशात राहते.

२. पाकिटावर ‘१२ कामांचा’, ‘३३ कामांचा’ असे छापलेले असते. जास्त आकडा म्हणजे जास्त चांगला चाकू का?

नाही. हा आकडा अवजारांचा नसून कामांचा असतो आणि तो मोजण्याची पद्धत उदार असते. व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या ‘स्पार्टन’ या प्रसिद्ध चाकूचे उदाहरण घेऊ. त्याची १२ कामे सांगितली जातात, पण तो हातात घेऊन उघडला तर मिटणारे भाग सहाच निघतात: मोठे पाते, लहान पाते, डबा उघडण्याचे अवजार, बाटली उघडण्याचे अवजार, आरी (भोक पाडण्याचे टोकदार अवजार) आणि बूच काढण्याचा पिळाचा स्क्रू. बाटली उघडण्याच्या एकाच तुकड्याला तीन कामे लावलेली असतात, कारण त्याचे टोक रुंद स्क्रू ड्रायव्हर म्हणून चालते आणि बुडाशी वायर सोलण्याची खाच असते. डब्याच्या अवजाराच्या टोकाला लहान स्क्रू ड्रायव्हर धरला जातो. उरलेली संख्या चिमटा, टूथपिक आणि किल्लीची कडी यांनी पूर्ण होते. यात फसवणूक नाही, कारण ही कामे त्या चाकूने खरोखर होतात; फक्त १२ आणि १३ या आकड्यांतला फरक प्रत्यक्षात एका करवतीचाही असू शकतो, हे लक्षात ठेवून आकड्याऐवजी थर, म्हणजे मुठीत शेजारीशेजारी बसणाऱ्या अवजारांच्या रांगा, मोजावेत.

३. आकार आणि जाडी किती असावी?

स्विस चाकूंचे आकार मिटलेल्या मुठीच्या लांबीवरून ओळखले जातात. ५८ मिमीचा चाकू किल्ल्यांच्या जुडग्यात राहतो, ९१ किंवा ९३ मिमीचा पँटच्या खिशात बसतो आणि १११ मिमीचा कमरेच्या पाउचमध्येच बरा वाटतो. मात्र त्रास देते ती लांबीपेक्षा जाडी. ९१ मिमीच्या मालिकेत स्पार्टन सुमारे १५ मिमी जाड आणि ६० ग्रॅम वजनाचा असतो. त्यात कात्रीचा थर वाढवलेला ‘क्लाइंबर’ सुमारे १८ मिमी आणि ८२ ग्रॅम होतो. आणखी करवत वाढवलेला ‘हंट्समन’ सुमारे २१ मिमी आणि ९७ ग्रॅमपर्यंत जातो. म्हणजे प्रत्येक थराला तीनेक मिलिमीटर मोजावे लागतात. सुती पायजमा किंवा नेहरू शर्ट घालणाऱ्या माणसाच्या खिशात २१ मिमीचा चाकू लोंबतो, आणि लोंबणारा चाकू आठवडाभरात टेबलाच्या खणात जाऊन पडतो. शंका असेल तेथे एक थर कमी घ्यावा.

४. दोन पाती असलेला घ्यावा की एक? दातेरी पाते उपयोगी आहे का?

दोन पात्यांचा खरा फायदा कामे वाटून देण्यात आहे. मोठे पाते फळे, पाव आणि खाण्याच्या वस्तूंसाठी राखून ठेवावे आणि खोके, चिकटपट्टी, प्लॅस्टिकची सुतळी यांसाठी लहान पाते वापरावे, म्हणजे पेरू कापताना चिकटपट्टीचा गोंद त्याला लागत नाही. खाण्याच्या वस्तू चाकूने कापतच नसाल तर एक पाते पुरे आहे.

दातेरी पाते नायलॉनचा दोर आणि पोत्याची सुतळी झरझर कापते, परंतु घरच्या साध्या दगडावर त्याला धार लावता येत नाही. बाजार समितीत दिवसभर पोती हाताळणाऱ्याला ते घेण्यात अर्थ आहे. इतरांनी साध्या पात्यालाच वेळच्या वेळी धार द्यावी (धारेविषयी प्रश्न १६ पाहावा).

५. कात्री खरोखर लागते का? पाते असताना तिची गरज काय?

आमच्याकडे येणाऱ्या अनुभवांवरून सांगायचे तर शहरी माणसाच्या हातून पात्यापेक्षा कात्रीच अधिक वेळा उघडली जाते. गोळ्यांची पट्टी, दुधाच्या पिशवीचा कोपरा, नखाशेजारची सुटलेली कातडी, जखमेवर लावायची चिकटपट्टी, शर्टाच्या बटणाचा लोंबता दोरा, ही सगळी कात्रीची कामे आहेत आणि ती पात्याने केली तर बोट किंवा कापड यांपैकी एक कापले जाते. नवी चादर घरी आणल्यावर तिच्या दशांमध्ये एखादा लांब धागा राहिलेला असतो. तो ओढला तर विण सरकते आणि पात्याने कापायला गेले तर शेजारच्या दशा तुटतात. कात्रीच्या टोकाने मात्र तो गाठीशी नेमका कापता येतो. आणखी एक गोष्ट अशी की चारचौघांत, बसमध्ये किंवा कार्यालयात छोटी कात्री उघडल्यावर कोणी दचकत नाही.

तिची मर्यादाही जाणून घ्यावी. ती जाड कापडासाठी नाही, आणि विडी कामगार भगिनी तेंदूची पाने ज्या कात्रीने दिवसभर कापतात तिची जागा ही इवलीशी कात्री घेऊ शकत नाही. तिची बारीक स्प्रिंग क्वचित तुटते, पण ती बदलता येते.

६. जवळजवळ प्रत्येक स्विस चाकूत बूच काढण्याचा स्क्रू का असतो? आम्ही तो कधीच वापरत नाही. त्याऐवजी स्टार स्क्रू ड्रायव्हर घ्यावा का?

याचे उत्तर चाकूच्या इतिहासात आहे. १८९१ साली स्विस सैन्याला जो शिपायांचा चाकू मिळाला त्यात पाते, आरी, डबा उघडण्याचे अवजार आणि स्क्रू ड्रायव्हर एवढेच होते, कारण शिपायाला डबाबंद अन्न उघडायचे होते आणि नव्या रायफलचे भाग सुटे करायचे होते. पुढे व्हिक्टोरिनॉक्सचे संस्थापक कार्ल एल्सनर यांनी अधिकाऱ्यांसाठी हलका चाकू तयार केला, त्यात लहान पाते आणि बुचाचा स्क्रू वाढवला, आणि १८९७ साली त्याची नोंदणी केली. वाइनची बाटली उघडणाऱ्या अधिकाऱ्याची ही यादी सव्वाशे वर्षांनंतरही तशीच चालत आली आहे. सोलापूरच्या कुटुंबात तिची गरज पडण्याचे कारण नाही.

तरीही हा स्क्रू सरसकट टाकाऊ म्हणता येत नाही. ओल्या नायलॉनच्या दोरीची घट्ट बसलेली गाठ सोडवायला त्याच्याइतके चांगले अवजार दुसरे नाही: टोक गाठीत घालून पिळत न्यावे आणि मग ओढावे, गाठ ढिली होते. शिवाय त्याच्या पिळात बसणारा चष्म्याचा बारीक स्क्रू ड्रायव्हर वेगळा मिळतो. चष्मा वापरणाऱ्या माणसाला तेवढ्यासाठीही हा पर्याय पटू शकतो.

स्टार स्क्रू ड्रायव्हर हवा असेल तर ‘टिंकर’ नावाच्या चाकूत बुचाच्या स्क्रूच्या जागी तो असतो. स्विचबोर्डाची पट्टी, मिक्सरचे बूड, मुलांच्या खेळण्यातली सेलची पेटी, या सगळ्यांना आज बहुधा स्टार स्क्रूच असतात, म्हणून आमचा कौल टिंकरकडे आहे. मात्र तो मुठीच्या पाठीतून काटकोनात उघडतो. त्यामुळे पकड आणि जोर चांगला मिळतो, पण भिंतीला चिकटून असलेल्या स्क्रूपाशी मूठच आडवी येते. अशा वेळी ९१ मिमीच्या चाकूतील डब्याच्या अवजाराचे लहान चपटे टोक उपयोगी पडते. ते मध्यम आकाराच्या स्टार स्क्रूच्या खाचेतही बसते, ही गोष्ट तो चाकू वर्षानुवर्षे वापरणाऱ्या अनेकांना ठाऊक नसते.

७. डबा उघडण्याचे अवजार आमच्याकडे कोणाला लागते?

रसगुल्ल्याचा डबा, आमरसाचा डबा, कंडेन्स्ड मिल्क, एवढेच प्रसंग मोजले तर वर्षातून दोन-चारदा लागेल. पण ते नसले की लोक पात्याचे टोक डब्यात घुसवतात आणि टोक मोडते. तेलाच्या १५ किलोच्या डब्याला भोक पाडताना तर हमखास मोडते. दुरुस्तीला आलेल्या चाकूंत टोक तुटलेले पाते सर्वाधिक असते आणि चौकशी केली की बहुतेक वेळा डब्याचेच नाव निघते. तेव्हा ते अवजार प्रामुख्याने पाते वाचवण्यासाठी घ्यावे. व्हिक्टोरिनॉक्सच्या अवजाराने डबा कापताना चाकू कडेकडेने पुढे सरकवत न्यायचा असतो. उलट दिशेने ओढत बसले की ते चालत नाही असा समज होतो.

८. आरीचा उपयोग काय? तिला भोक कशासाठी असते?

पट्ट्याला किंवा चपलेच्या बंदाला नवे भोक पाडणे, प्लॅस्टिकच्या कॅनच्या झाकणाला छिद्र करणे, लाकडात स्क्रू बसवण्याआधी जागा करणे, ही आरीची कामे. ९१ मिमीच्या चाकूंतील आरीला जे भोक असते त्यात जाड दोरा ओवून ताडपत्री किंवा फाटलेली बॅग शिवता येते. पोती शिवण्यासाठी दाभण वापरणाऱ्याला ती अपुरी वाटेल, पण बसस्टँडवर बॅगेचा पट्टा तुटला तर दाभण जवळ नसते. आरीला कुलूप नसते, म्हणून ती नेहमी मुठीशी काटकोन करून सरळ खाली दाबावी. तिरका जोर दिला तर ती बोटावर मिटते.

९. आमची डाळिंबाची बाग आहे. करवत असलेला चाकू घ्यावा का? छाटणीला चालेल का?

चाकूची करवत दोन-तीन सेंटिमीटर जाडीची वाळकी फांदी सहज कापते, त्यामुळे शेतात फिरणाऱ्याला ती उपयोगी आहे. हंट्समन किंवा ९३ मिमीचा ‘फार्मर’ यांत ती मिळते. मात्र डाळिंबाच्या छाटणीसाठी घडीचा चाकू वापरू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. त्याचे कारण तेल्या रोग. हा जिवाणूजन्य रोग असून छाटणीच्या अवजारांवरून एका झाडावरून दुसऱ्या झाडावर जातो. म्हणून सिकेटर (छाटणीची कात्री) १ टक्का सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात वारंवार बुडवून निर्जंतुक करण्याची शिफारस केली जाते. सोलापूरजवळ केगाव येथे डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, तेव्हा या विषयातला सल्ला जिल्ह्यातच मिळतो.

सिकेटर बुडवणे सोपे आहे, कारण त्याचे सर्व भाग उघडे असतात. घडीच्या चाकूत मात्र पात्याच्या बुडाशी, स्प्रिंगखाली आणि थरांच्या मध्ये चीक व माती साचते, तेथे द्रावण नीट पोहोचत नाही. आणि जे पोहोचते ते आत राहून स्टेनलेस पोलादालाही खड्डे पाडते. तेव्हा झाडासाठी सिकेटर आणि ठिबकची नळी, सुतळी, खताची पिशवी यांसाठी चाकू, अशी वाटणी कायमची ठरवून टाकावी. ठिबकची नळी कापताना पाते आडवे धरून एका दमात कापावे, म्हणजे जोड बसतो तेथे गळती होत नाही.

१०. मी यंत्रमागावर जॉबर आहे. चाकू घेऊ की पक्कड असलेले मल्टिटूल घेऊ?

ज्याच्या कामात दिवसातून अनेकदा नट-बोल्ट धरावे लागतात, त्याने मल्टिटूलचा विचार करावा. अमेरिकेतील टिम लेदरमन यांनी १९८३ साली बाजारात आणलेली ही कल्पना मुळातच पकडीभोवती रचलेली आहे. पाती आणि स्क्रू ड्रायव्हर तिच्या दांड्यांत मिटलेले असतात. पण त्याची किंमत वजनात मोजावी लागते. लेदरमनचे ‘वेव्ह’ सुमारे २४० ग्रॅमचे आहे, म्हणजे स्पार्टनच्या चौपट. कारखान्यात अवजारांची पेटी हाताशी असतेच, आणि पेटीतली साधी पक्कड व पान्हे कोणत्याही मल्टिटूलपेक्षा चांगले काम करतात. त्यामुळे पेटीपासून दूर जाऊन काम करावे लागत असेल तरच मल्टिटूल घ्यावे. नाहीतर खिशात कात्री असलेला हलका चाकू ठेवावा.

सूचना एक, आणि ती गंभीर आहे. चालू मागाजवळ चाकूला दोरी किंवा साखळी लावून ती खिशाबाहेर लोंबू देऊ नये. फिरत्या भागात दोरी अडकली तर तिच्याबरोबर माणूस ओढला जातो.

११. पात्याला लॉक असलेला चाकू अधिक सुरक्षित नाही का?

ज्या कामात पाते टोचावे किंवा जोराने दाबावे लागते तेथे लॉक उपयोगी आहे. ५८, ९१ आणि ९३ मिमीच्या नेहमीच्या स्विस चाकूंत लॉक नसते. पाठीच्या स्प्रिंगच्या दाबावर पाते उभे राहते. १११ मिमीच्या चाकूंत लॉक असते. फ्रान्सच्या ओपिनेल चाकूला पात्याच्या बुडाशी फिरणारी कडी असते, ती फिरवली की पाते मिटत नाही. १९५५ पासून ती त्यांच्या चाकूंवर आहे. रोजच्या फळ-खोक्याच्या कामाला लॉकची गरज नाही, पण पाते मिटण्याच्या दिशेने जोर जाणार नाही हे पाहण्याची सवय लागते. लॉकवर विसंबून ती सवयच लागली नाही, असेही दिसते.

१२. स्टेनलेस घ्यावे की कार्बन पोलाद?

सोलापूरच्या उन्हाळ्यात स्टेनलेस. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असताना खिशातला चाकू दिवसभर घामात भिजतो आणि घामातले क्षार कार्बन पोलादाला एका दिवसात तांबूस डाग पाडतात. लिंबू, चिंच आणि कांदा यांनीही ते काळे पडते. डाळिंबाच्या सालीत टॅनिन असल्यामुळे तर पाते शाईसारखे निळे-काळे होते. हा काळेपणा अपायकारक नाही आणि काहींना तो आवडतोही. कार्बन पोलादाला धार पटकन आणि तिखट लागते हे खरे, पण वापरून झाल्यावर लगेच पुसण्याची शिस्त नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. स्विस चाकूंचे स्टेनलेस पाते सुमारे ५६ रॉकवेल (पोलादाच्या कठीणपणाचे माप) इतके कठीण असते. ते फार काळ धार धरत नाही, पण घरी सहज पाजळता येते, आणि रोजच्या चाकूसाठी हाच गुण अधिक महत्त्वाचा आहे.

१३. चाकूतल्या खाचेने घरातली विजेची वायर सोलता येईल का?

वीजप्रवाह बंद असलेली बारीक वायर सोलता येते. मेन स्विच किंवा एमसीबी बंद करून टेस्टरने खात्री करावी आणि मगच हात लावावा. मुठीचे लाल आवरण प्लॅस्टिकचे असल्यामुळे शॉक बसणार नाही हा समज धोकादायक आहे, कारण स्प्रिंगची पाठ आणि सर्व थर उघड्या धातूचे असतात आणि बोटे नेमकी तेथेच टेकतात.

१४. असा चाकू जवळ बाळगणे कायदेशीर आहे का? पोलिसांनी अडवले तर?

शस्त्र अधिनियम, १९५९ खालील नियमांत ज्या धारदार हत्यारांचा समावेश होतो, त्यांत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्यांचा उल्लेख आहे, आणि घरगुती, शेती, वैज्ञानिक किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली अवजारे त्यातून वगळलेली आहेत. ९१ मिमीच्या चाकूचे पाते सुमारे ६ सेंटिमीटर असते, म्हणजे अडीच इंचांच्याही आत.

खरी अडचण दुसरीकडे आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ नुसार सण-उत्सव, मोर्चे, निवडणुका अशा काळात शस्त्रबंदीचा आदेश काढता येतो आणि त्या कलमात चाकूचा उल्लेख स्पष्ट आहे. तेथे पात्याची लांबी विचारली जात नाही. वर्तमानपत्रात पोलीस आयुक्तालयाचा असा आदेश वाचला की तेवढे दिवस चाकू घरी ठेवावा. गड्ड्याच्या यात्रेत किंवा आषाढीला पंढरपूरच्या गर्दीत तो नेऊच नये. बटण दाबताच उघडणारे चाकू कामाचे नसतात आणि संशयाला निमंत्रण देतात, म्हणून ते कोणत्याच काळात बाळगू नयेत. अडवले गेल्यास चाकू स्वतःहून न उघडता मिटलेला दाखवावा आणि कशासाठी जवळ आहे ते सरळ सांगावे.

१५. विमानाने जाताना काय करावे?

होटगी रस्त्यावरचे विमानतळ असो की पुण्याचे लोहगाव, पाते असलेला चाकू हातातल्या बॅगेत नेता येत नाही. तो काउंटरवर जमा होणाऱ्या सामानात ठेवावा. केवळ हातातलीच बॅग असेल तर चाकू घरी ठेवावा, कारण तपासणीत काढून घेतलेला चाकू बहुधा परत मिळत नाही. किल्ल्यांच्या जुडग्यातला ५८ मिमीचा चाकू लोक याच ठिकाणी गमावतात, कारण तो जवळ आहे हेच लक्षात राहत नाही. पाते नसलेले काही लहान नमुने खास प्रवाशांसाठी निघतात, पण त्यांतल्या कात्रीविषयी अंतिम निर्णय तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचाच असतो.

१६. धार आणि स्वच्छता यांसाठी काय करावे?

गल्लीत फिरत्या चाकावर धार लावून देणारे कारागीर विळे आणि कोयत्यांसाठी उत्तम आहेत, परंतु पातळ पाते त्या चाकावर तापते आणि अर्धा मिलिमीटर पोलाद एका बैठकीत उडून जाते. घरी बारीक दगड पाण्याने भिजवून, पाते सुमारे २० अंशांत धरून दोन्ही बाजूंनी सारख्याच वेळा फिरवावे. कात्रीला या दगडावर नेऊ नये.

काळी माती सांध्यात गेली असेल तर कोमट पाण्यात चाकू बुडवून सर्व भाग पुन्हा पुन्हा उघडमीट करावेत, पूर्ण सुकवावेत आणि सांध्यावर थेंबभर तेल सोडावे. त्यासाठी शेंगतेल वापरू नये. ते काही आठवड्यांत चिकट होते आणि पाते जड चालू लागते. फळे कापण्याच्या चाकूला मागाचे तेलही नको. औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन दोन्ही दृष्टींनी योग्य ठरते. बोअरचे क्षारयुक्त पाणी पात्यावर वाळू दिले तर पांढरे डाग पडतात, म्हणून पुसणे टाळू नये.

१७. वडिलांना सुपारी कातरायला आणि नारळ फोडायला असा चाकू दिला तर चालेल का?

चालणार नाही. सुपारीला अडकित्त्याची दुहेरी पकड लागते. बिनलॉकच्या पात्याखाली ती निसटते आणि पाते बोटावर मिटते. नारळाच्या करवंटीतून खोबरे उचकटताना पाते तिरके वाकते व मोडते. ऊस सोलायला हा चाकू चालेल, तोडायला मात्र कोयताच हवा. वयस्कर माणसाला चाकू भेट द्यायचा असेल तर पात्याची स्प्रिंग त्यांच्याच बोटांनी उघडून पाहावी, कारण संधिवात असलेल्यांना नखाची खाच धरून ओढणे कठीण जाते.

१८. मी डावखुरा आहे. मला वेगळा चाकू लागेल का?

नखाची खाच उजव्या हाताच्या सोयीने पाडलेली असते, त्यामुळे डाव्या हाताने पाते उघडताना मूठ उलटी धरावी लागते. थोड्या सरावाने हे जमते. डावखुऱ्यांसाठी खास नमुने बनतात, पण ते सहज मिळत नाहीत. ओपिनेलसारख्या चाकूचे पाते चिमटीत धरून उघडता येते, मात्र त्याला अवजारे नसतात.

१९. मुलाला कोणत्या वयात चाकू द्यावा?

वयापेक्षा मूल मोठ्या माणसाच्या देखरेखीखाली किती वेळ शांत बसून काम करते ते पाहावे. गोल टोकाच्या पात्याचे चाकू मुलांसाठी मिळतात, सुरुवात त्यांनी करावी. शाळेच्या दप्तरात चाकू कधीही जाऊ देऊ नये.

२०. यात्रेत किंवा फुटपाथवर स्वस्तात मिळणारा अकरा अवजारांचा चाकू कसा ओळखावा?

तो उजेडासमोर धरावा. थरांमधून उजेड आरपार दिसत असेल, पाते उघडल्यावर डावीकडे-उजवीकडे हलत असेल, किंवा मिटताना शेवटच्या टप्प्यावर ‘टक’ असा आवाज न येता ते सैल पडत असेल, तर पुढे पाहण्याची गरज नाही. अशा चाकूत कात्री सर्वांत आधी निकामी होते. तेवढ्याच पैशात चांगल्या पोलादाचा, एका पात्याचा साधा चाकू घ्यावा.

२१. चुकीची अवजारे असलेला चाकू आधीच घेतला आहे. त्यातले नको असलेले अवजार काढून दुसरे बसवता येते का?

घरी नाही. स्विस चाकूचे थर स्क्रूने नव्हे तर रिव्हेटने जोडलेले असतात. ते फोडून चाकू नव्याने रचणारे हौशी लोक आहेत, पण अशा बदलानंतर कंपनीची हमी उरत नाही आणि स्प्रिंगचा दाब बिघडला तर पाते उभे राहत नाही. चिमटा, टूथपिक, कात्रीची स्प्रिंग आणि मुठीचे आवरण एवढे मात्र सुटे मिळते. त्यांतली पहिली दोन हाताने ओढून बदलता येतात, कात्रीच्या स्प्रिंगसाठी बारीक टोकाची पक्कड लागते, आणि आवरण दाबून बसवताना खालच्या पितळी पिना वाकणार नाहीत याची काळजी घ्यावी लागते.